चटईवरून उठलेला माणूस

माताआउलू, उपोलू
ता. २ सप्टेंबर १९७४

ती. एलिसाया दादांस,
प्रभूच्या नावाने सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. म्हणजे छपराचा पत्रा गळतो, डुकरीण व्याली आणि तिने तीन पिल्लं स्वतःच अंगाखाली चेंगरली, आणि चर्चच्या पायऱ्या चढताना माझे गुडघे स्तोत्रं म्हणतात. एवढं सोडलं तर क्षेम. तुमच्याकडची खबर बोटीवरून उतरणारी माणसं देतात. तुमच्या सावाई बेटावरच्या बायका आपल्या पाळकाला फार खाऊ घालतात म्हणे, आणि तुमचा पांढरा कोट आता पुढे बंद होत नाही म्हणे. तारो जरा बेताने खा, दादा. वहिनी असती तर तिने ताट ओढून घेतलं असतं, पण तिला जाऊनही आठ वर्षं झाली. आता बोलायला मीच उरले.

आमचे हे गेल्याला परवा सात महिने झाले. कबर घरासमोरच आहे, त्यामुळे येता-जाता दोन शब्द बोलणं होतं. जिवंतपणी याहून जास्त बोलायचे असं नाही.

आता कामाचं. पेनिआमिनाच्या मनाने घेतलंय, की वडिलांसारखं पेआ गोंदवून घ्यायचं. कमरेपासून गुडघ्यापर्यंत, पुरं. जुन्या तुफुगाचा मुलगा आता बापाच्या जागी गोंदतो, तो महिनाअखेर आपल्या गावात मुक्कामाला येतोय. एकट्याला तो हात लावत नाही, म्हणून जोडीदारही ठरला: शेजारच्या उइलीचा मलाकी. दोघं लहानपणापासून एका केळीच्या पानावर जेवलेले.

पण पेनिआमिना म्हणतो, मामांना विचार. शास्त्र काय म्हणतं ते मामा सांगतील, आणि ते नाही म्हणाले तर मी चटईवर बसणार नाही. त्याचंही बरोबर आहे. तुम्ही तिसऱ्या दिवशी वचन ऐकून तुफुगाच्या चटईवरून उठलात, तेव्हा मी सोळा वर्षांची होते. आज छत्तीस वर्षं झाली, तरी या गावात रविवारच्या शाळेत मुलांना ती गोष्ट सांगतात. देवासाठी उठलेला एलिसाया. मी त्याची बहीण म्हणून मला अजून पहिल्या बाकावर जागा मिळते. आमचे हे मात्र त्याच चटईवर बसून राहिले, म्हणून त्यांना शेवटपर्यंत डीकन होता आलं नाही. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. असलंच तर कबरीवरचं गवत काढताना तेही उपटून टाकते.

तर हो असेल तर हो लिहा, नाही असेल तर नाही. आडवळणाने लिहू नका, मला व्याख्यान समजत नाही.

तुमच्या लोभावर माझा अजून हक्क आहे असं समजते.

तुमची धाकटी,
फुआतिनो

---

वायतोलो, सावाई
ता. २० सप्टेंबर १९७४

माझ्या डोळ्यातली बाहुली चि. फुआतिनो हिस,
अ. उ. आ.

तुझे पत्र पावले. उत्तरास विलंब झाला, त्याला वारा आणि बोटी जबाबदार आहेत. कोट बंद होत नाही हे खोटे आहे. तो धुलाईत आटला.

तू विचारलेस त्याचे उत्तर स्पष्ट आहे. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात परमेश्वर मोशेच्या तोंडून सांगतो, की मेलेल्यासाठी आपले अंग कापून घेऊ नका आणि अंगावर खुणा गोंदवून घेऊ नका. पुढे पौल करिंथकरांस लिहितो, की आपले शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे. मंदिराच्या भिंतीवर कोणी येता-जाता काजळी फासत नाही. जुन्या लोकांचे अज्ञान होते तोवर देवाने डोळेझाक केली. आता वचन आपल्या भाषेत आपल्या हाती आहे, तेव्हा सबब उरली नाही.

हे मी पुस्तकातून शिकून सांगत नाही. ऐन विशीत मी स्वतः त्या चटईवरून उठलो, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या वेळी लोक हसतील ही भीती मलाही होती. पण मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानावी हे श्रेयस्कर. तुझ्या नवऱ्याबद्दल, फालानिकोबद्दल, माझ्या मनात नेहमीच स्नेह होता. त्याने निराळी वाट धरली. त्याचा न्याय प्रभू करील, मी नाही.

चि. पेनिआमिना यास सांग, की मामाचा आशीर्वाद आहे आणि मामाचा नकारही आहे.

गुडघ्यांना खोबरेल तेल लाव. प्रार्थनेत आमची आठवण असू द्यावी, आमच्या प्रार्थनेत तुम्ही असताच.

तुझा,
एलिसाया

---

माताआउलू
ता. १ ऑक्टोबर १९७४

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

मन थाऱ्यावर नाही, तेव्हा अक्षराकडे बघू नका.

तुमचं पत्र वेळेत आलं नाही. वीस दिवस वाट पाहिली. शेवटी सगळे म्हणाले, मामाचं मौन म्हणजे मामाचा होकार. नाही म्हणायचं असतं तर एवढ्यात पोहत येऊन नाही म्हणाले असते. आणि सोमवारी, तेवीस तारखेला, तुफुगाने चटई टाकली. पहिल्या दोन दिवसांत दोघांच्या पाठीवरची होडीची नक्षी झाली. मग कमरेच्या बाजू धरल्या. आम्ही बायका भोवती बसून गात होतो. पेनिआमिना दात आवळून होता आणि मलाकी मोठमोठ्याने विनोद सांगत होता. तो असा विनोद सांगायला लागला की समजावं, त्याला फार दुखतंय.

शनिवारी तुमचं पत्र आलं. दादा, मी ते उघडलं नाही. पाळकाने शास्त्राबद्दल लिहिलेलं पत्र, ते मी बाई चुलीपाशी बसून कसलं फोडू, असं लोकांना म्हणाले. खरं सांगायचं तर मला मिरवायचं होतं. तसंच बंद पाकीट आपल्या तरुण पाळकाच्या, फेरेतीच्या हातात दिलं. त्याने रविवारी प्रवचनानंतर भर मंडळीत वाचून दाखवलं.

वाचून संपलं तसा मागच्या बाकावरून मलाकी उभा राहिला. म्हणाला, एलिसाया उठले तसा मीही उठतो. पुढच्या बाकांवरून आमेन झालं. एका म्हातारीने तर त्याचा हात धरून डोळ्यांना लावला.

ते आमेन रविवारच्या जेवणापर्यंत टिकलं. दुपारी समुद्रावर पोरांनी त्याला अर्धवट म्हणून हाक मारली. अंगावर अर्धं पेआ म्हणजे आपल्याकडे जन्मभराची लाज, ते तुम्हाला ठाऊक आहे. संध्याकाळी उइली आमच्या दारात आला. आत ये म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, फुआतिनो, तुझा भाऊ उठला आणि पाळक झाला. माझा पोरगा उठून काय होणार आहे ते सांग.

मलाकी आता मळ्यातल्या खोपटात बसलाय. पाठ सुजली आहे. अंग चोळून घ्यायलाही येत नाही, आणि कुणी दिसलं की कमरेला गुंडाळलेला लावालावा काखेपर्यंत ओढतो. पेनिआमिना इकडे एकटा पडलाय. तुफुगा म्हणतो, पंधरा तारखेपर्यंत थांबतो, पण एकट्याचं पुढे करणार नाही. माझ्या बापाने याच गावात एकदा जोडीदार गेल्यावर एकट्याचं पुरं केलं, त्याची त्याला मरेपर्यंत रुखरुख होती, असं म्हणाला. म्हणजे एक अर्धा मलाकी, आणि दुसरा माझा मुलगा.

मी तुम्हाला दोष देत नाही. मी विचारलं, तुम्ही सांगितलं. पण वचन खरं असेल तर ते पाळून पोरगा असा का दिसतो, दादा? तुम्ही उठलात तेव्हा तुमच्या तोंडावर तेज होतं असं सगळे सांगतात. मी तेव्हा तुमच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. भावाच्या उघड्या अंगाकडे बहीण कशी पाहणार?

पेनिआमिनाचं पत्र याच पाकिटात आहे. मी वाचलेलं नाही. वाईट बोलला असेल तर लेकरू समजून घ्या.

माया पातळ करू नका.

फुआतिनो

---

माताआउलू
ता. १ ऑक्टोबर १९७४

ती. मामांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

मामा, तुम्ही नाही म्हणालात तर बसणार नाही असं मी कबूल केलं होतं. तुमचा नकार आला तेव्हा माझी पाठ काळी झालेली होती. त्यामुळे पाळावं कसं हे मला समजत नाही. पाठ तर परत करता येत नाही.

तुम्ही सांगितलेला अध्याय मी काढून वाचला. पूर्ण वाचला, पुढचा-मागचाही. रागावू नका, पण त्याच अध्यायात, त्या वचनाच्या अगदी डोक्यावर लिहिलंय, की दाढीच्या कडा कापू नका. तुम्ही दर शनिवारी गुळगुळीत करता. दोन तऱ्हेच्या सुतांचं कापड घालू नका असंही आहे, आणि तुमचा तो आटलेला कोट आईच्या मते अर्धा सुती, अर्धा टेरिलीनचा आहे. आठ पानं मागे गेलो तर डुक्कर खाऊ नका असं निघालं. ते मी फेरेतींना दाखवलं. ते म्हणाले, त्या गोष्टी त्या काळापुरत्या होत्या. मी म्हटलं, कोणत्या त्या काळापुरत्या आणि कोणत्या आजच्या, हे कुणी ठरवलं? ते म्हणाले, तुझ्या मामांना विचार.

मग मी यशया वाचला. तिथे देव सियोनला सांगतो, की मी तुला माझ्या तळहातांवर कोरून घेतलंय. म्हणजे देवाने स्वतःच्याच हातावर गोंदवून घेतलं की काय? पौलही गलतीकरांना लिहितो, की माझ्या अंगावर येशूच्या खुणा आहेत. त्या खुणा माराच्या होत्या, एवढं मलाही कळतं. पण मारून घेऊन का होईना, त्या तो मिरवत होता.

हे सगळं मी तुम्हाला हरवायला लिहीत नाही. खरी अडचण वेगळी आहे, आणि ती मी फेरेतींनाही सांगितली नाही. त्या वचनात मेलेल्यासाठी असा शब्द आहे. मामा, मी हे मेलेल्यासाठीच करतोय. बाबांना शेवटच्या दुखण्यात मीच आंघोळ घालायचो. बाकी अंग वाळून गेलं होतं, पण पेआ तसंच्या तसं, काल काढल्यासारखं. तेव्हाच मनात आलं, की हे त्यांच्याबरोबर मातीत जाईल तर माझ्या अंगावर राहू दे. म्हणजे बाकीच्यांना ते वचन लागू नसलं तरी मला नेमकं लागू आहे, असं आहे का? हे मला कुणीतरी खरं सांगायला हवं.

बाबांना मी एकदा विचारलं होतं, की मामा उठले तेव्हा तुम्ही का नाही उठलात? ते हसले. म्हणाले, कुणीतरी बसायला हवं होतं.

मलाकी माझ्याशी बोलत नाही. मी रोज खोपटाबाहेर भाजलेला नीरफणस ठेवतो. तो खातो की डुकरं खातात, माहीत नाही.

रागावला असाल तर रागावून का होईना, उत्तर द्या.

आपला आज्ञाधारक भाचा,
पेनिआमिना

---

वायतोलो
ता. ६ ऑक्टोबर १९७४, रविवार

चि. फुआतिनो हिस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतेच वि. वि.

भावाने बहिणीसमोर कमरेखालचं बोलू नये, हे आपल्या रक्तात आहे. समोर असतीस तर मी मरेपर्यंत बोललो नसतो. कागदावरही मान खाली घालूनच लिहितोय, तूही तशीच वाच.

मी वचन ऐकून उठलो नाही. मी पळालो.

तिसऱ्या दिवशी तुफुगाने डावी बाजू धरली, बरगडीच्या खाली, जिथे मांस कमी आणि हाड जवळ. डुकराच्या सुळ्याची ती फणी आणि तिच्यावर दांडक्याचे ठोके. मी ठोके मोजत होतो. चारशेच्या पुढे मोजता येईना. दुपारी समुद्रावर धुवायला सोडलं, तेव्हा झाडीत जाऊन येतो असं सांगून मी खोबरं वाळवायच्या शेडमध्ये जाऊन लपलो. फालानिकोने मला तिथे शोधून काढलं. मी पोत्यांमागे बसलो होतो आणि माझा लावालावा ओला झाला होता. समुद्राच्या पाण्याने नव्हे. वीस वर्षांचा घोडा होतो मी.

तो रागावला नाही. त्याच्याही बाजू रक्ताळलेल्या होत्या. माझ्याशेजारी टेकला आणि म्हणाला, थांब, असा बाहेर येऊ नकोस, मी जाऊन सांगतो. वाचताना दर ओळीत अडखळणारा तो फालानिको. पण त्याच आठवड्यात पाळकांच्या शाळेत लेवीयाचं ते वचन झालं होतं, आणि सगळ्या शास्त्रातलं तेवढं एक त्याच्या डोक्यात राहिलं होतं. तो गावात गेला आणि म्हणाला, एलिसाया प्रार्थनेला बसला होता, त्याला ते वचन आठवलं, आता तो चटईवर येणार नाही. फुआतिनो, ते वचन माझं नव्हतं. ते त्याने मला दिलं, आपल्या अंगावरचा कोरडा लावालावा सोडून द्यावा तसं. तोही दिला त्याने.

शेडमधून मी बाहेर आलो तो संत होऊन. आपल्या बाबांनी मला मिठी मारली. पाळक रडले. त्यांच्या चिठ्ठीवर मला पाळकपणाच्या शिक्षणाला घेतलं. सुरुवातीला लाज वाटायची. पुढे ती गोष्ट इतक्यांदा सांगितली की खरी वाटायला लागली. आरशात पाठीवरची होडी दिसली तरच आठवायचं. म्हणून घरात आरसा ठेवला नाही. सिसिलियाने लग्न झाल्यावर एकदा पाठीवर हात फिरवला आणि काही विचारलं नाही. तेही बरं झालं असं मी तेव्हा म्हटलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर मला भित्रा म्हणता आलं असतं. पण चौपन्न साली मी आपल्या गावात पाहुणा पाळक म्हणून प्रवचनाला आलो आणि तेच वचन घेतलं. नंतर वडीलधाऱ्यांनी विचारलं, फालानिकोला डीकन करावं का? मी म्हणालो, वचन कानावर पडूनही जो बसून राहिला, त्याच्याबद्दल थोडं थांबलेलं बरं. ते थांबले. वीस वर्षं थांबले. त्या दिवशी चर्चबाहेर फालानिकोने माझा हात हातात घेतला आणि प्रवचन चांगलं झालं म्हणाला. एका शब्दाने तो मला जमिनीत गाडू शकला असता. मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. घाईत आहे असं म्हणालो.

तुझ्या पहिल्या पत्राला उशीर वाऱ्याने झाला नाही. ते दोन आठवडे माझ्या बायबलमध्ये पडून होतं. मला नाही लिहायचं नव्हतं, आणि हो लिहिलं असतं तर मग मी का उठलो, असं कुणीतरी विचारलं असतं. मलाकीच्या पाठीपेक्षा मला माझी गोष्ट प्यारी झाली.

पेनिआमिनाला सांग, की त्याने अठ्ठावीस वर्षं पाळक असलेल्या मामाला निरुत्तर केलंय. ते वचन मी आयुष्यभर लोकांवर उगारलं, पण त्याला एकदाही प्रश्न विचारला नाही. आता त्याने विचारलंय म्हणून खरं तेवढं सांगतो. आजूबाजूचे लोक मेलेल्यांची देवासारखी पूजा करत, त्यांच्यासाठी अंग फाडून घेत. इस्राएलाने तसं करू नये, असा त्याचा अर्थ जाणते लावतात. बापाची आठवण अंगावर ठेवणं म्हणजे त्याची पूजा करणं नव्हे, असं मला वाटतं. पण वाटतं एवढंच. खात्रीने बोलायची माझी लायकी उरली नाही. एक मात्र खात्रीने सांगतो. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा त्या काळापुरती नव्हती. ती दहांमधली आहे, आणि ती मी छत्तीस वर्षं मोडली.

आज सकाळी हे सगळं मी इथल्या मंडळीपुढे सांगितलं. शेवटी मागून एका आजीने विचारलं, मग बुधवारचा गाण्याचा सराव आहे की नाही? डीकन लोक मला ठेवायचं की नाही ते ठरवतील.

हे पत्र फेरेतीकडे दे. पहिलं जिथे उभं राहून वाचलं तिथेच उभं राहून हेही वाचू दे. मी गुरुवारच्या बोटीने येतोय. माझ्यासाठी काही रांधू नकोस, मला घ्यायला येऊ नकोस, तुझ्या घरी उतरणारही नाही. शुक्रवारी उजाडता मला उइलीच्या दारात बसायचं आहे.

लोभ मागायचा हक्क मी गमावला आहे. उरला असेल तर तो पेनिआमिनाला दे.

एलिसाया

---

माताआउलू
ता. २१ ऑक्टोबर १९७४

एलिसाया दादा,
सा. न. वि. वि.

आज तुम्ही लिहायला गेले तर लेखणी अडते. तूच म्हणते. आई होती तोवर तूच म्हणायचे.

आधी माझा गुन्हा. तुझं पत्र आठ तारखेला, मंगळवारी, आलं आणि ते मी फेरेतीला दिलं नाही. पेटीत, कपड्यांच्या तळाशी ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला समजावलं. यांनी जन्मभर झाकली ती मी का उघडू, असं म्हटलं. पण ते यांच्यासाठी नव्हतं. मला पहिल्या बाकावरची जागा जाईल याची भीती होती. मळ्यात तो पोर सुजलेली पाठ घेऊन बसलेला, आणि मी बाकाचा विचार करत होते. आपण दोघं एकाच आईची, दादा, यात शंका नाही.

तू चटईखाली होतास, तुला बाहेरचं काही दिसलं नसणार. म्हणून सांगते. मी माझ्या घराच्या खांबाआडून सगळं पाहिलं.

उजाडताना उइलीची बायको झाडायला बाहेर आली. अंगणात कुणीतरी मानाची चटई डोक्यावरून घेऊन गुडघ्यांवर बसलंय, पुढ्यात लाकडं आणि भट्टीचे दगड, हे बघून तिच्या हातातला झाडू गळला. खून पडल्याशिवाय, मला भाजून टाका म्हणत, अशी माफी मागायला कोण बसतं? उइली आतून ओरडला, आधी कोण मेलं ते सांगा. ती म्हणाली, मेलं कुणी नाही, चटईखाली पायात पाळकाच्या चपला आहेत. तेव्हा तो खाली उतरला. म्हणाला, पाळकाला माझ्या दारात धुळीत बसवलं तर गाव मला जगू देईल का, उचला त्याला. तर त्याची म्हातारी आई आतून म्हणाली, कुणी हात लावू नका, बसायचंय तर बसू दे, माझा नातूही बसलाय तिकडे खोपटात. तू नऊ वाजेपर्यंत बसलास. एकदा पावसाची सर येऊन गेली. चटई सिसिलिया वहिनीच्या लग्नातली होती ना? लाल पिसांवरून ओळखली मी.

मलाकीला पेनिआमिना घेऊन आला. काय सांगून आणलं ते सांगत नाही. तो पोर अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, आता चटई उचलून माफ करेल, नाहीतर दगड उचलेल. त्याने दोन्ही केलं नाही. तो वाकला आणि तुझ्या शेजारी चटईखाली शिरला. कोको उकळून उतू जाईल इतका वेळ तुम्ही दोघं आत होतात. काय बोललात ते मला माहीत नाही, आणि मी विचारणार नाही. एवढंच दिसलं, की चटई हलत होती. मग मलाकीने ती आतून वर केली आणि तुला दंडाला धरून उभा केला. तुझ्या गुडघ्यांनाही तेल हवंय, ते मी तेव्हाच बघितलं.

तू दुपारच्या बोटीने कुणाशी न बोलता गेलास. त्यानंतर मी पेटी उघडली. काल रविवारी फेरेतीने तुझं पत्र वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मी शेवटच्या बाकावर बसले होते. कुणी आमेन म्हटलं नाही. बाहेर आल्यावर उइलीने मात्र माझ्या हातातली छत्री घेतली आणि घरापर्यंत माझ्या डोक्यावर धरली.

मलाकी गेल्या सोमवारी चटईवर परतला. तुफुगाने मुक्काम वाढवला. दोघांच्या मांड्या होत आल्या. मलाकी पुन्हा विनोद सांगतो. तेच जुने. पेनिआमिना म्हणतो, मला वचन लागू होतं की नाही ते मामांनी अर्धवटच सांगितलं, पण खरं सांगितलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. मला ते तुफुगाकडून मंगळवारी कळलं, आणि मी एकटीने ते पेलू शकत नाही.

पुरं झाल्यावर दोन्ही जोडीदारांना शेजारी बसवून डोक्यावर अंडं फोडतात आणि अंगाला हळदीचं तेल लावतात. तोवर काम पुरं झालं असं धरत नाहीत. तुफुगा म्हणाला, त्याच्या बापाने मरताना सांगून ठेवलंय, या गावात आपल्याकडून एक तेल लावायचं राहिलंय. यांनी लावून घेतलं नव्हतं, दादा. शेवटच्या, बेंबीवरच्या गोंदणापर्यंत सगळं सोसलं, आणि तेलाच्या दिवशी हात जोडून म्हणाले, माझा जोडीदार शिकायला गेलाय, तो आला की दोघं मिळून बसू.

मला हे माहीत नव्हतं. मी लग्न होऊन त्या घरात गेले ती नंतर. पण तू येणार असलास की प्रत्येक वेळी हे मला म्हणायचे, फुआतिनो, थोडी हळद वाटून ठेव, तेल गरम करून ठेव. मला वाटायचं, तुझ्यापुढे लंगडायला नको म्हणून गुडघ्यांना लावत असतील. मी वाटून ठेवायचे. चौपन्न साली तुझ्या त्या प्रवचनाच्या दिवशीही ठेवली होती. तू घाईत निघून गेलास. हे घरी आले, वाटी तशीच बघितली, आणि म्हणाले, आज नको, झाकून ठेव.

तुला छळायला हे लिहीत नाही. मीही त्यांना एकदासुद्धा विचारलं नाही, की तेल कशाला.

येत्या दोन तारखेला, शनिवारी, पोरांना तेल लावायचं आहे. तुफुगाने तीन जणांच्या पुरती हळद वाटायला सांगितली आहे. पोरांचा विधी गावादेखत होईल. तिसरी वाटी मी कबरीपाशी ठेवणार आहे. त्यातलं तेल तुला एकट्याने त्यांच्या कबरीला लावायचं आहे. मी त्या वेळी घरात असेन, खिडकी लावून घेईन. तिथे काय बोलशील ते तू आणि ते.

शुक्रवारची बोट चुकवू नकोस. लोभ कमी झालेला नाही, फक्त आता तो डोळे उघडे ठेवून आहे.

तुझी,
फुआतिनो